विमान जमिनीवर पेटते तेव्हा विमानतळ का थांबतो?

१२ जुलै २०१३ रोजी दुपारी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उभ्या असलेल्या एका बोइंग ७८७ विमानातून धूर निघताना नियंत्रण मनोऱ्यातील एका कर्मचाऱ्याला दिसला. इथिओपियन एअरलाइन्सचे ते विमान टर्मिनलपासून दूरच्या एका जागी कित्येक तास उभे होते, आत एकही माणूस नव्हता आणि कोणत्याही धावपट्टीला त्याचा अडथळा होत नव्हता. तरीही हीथ्रोच्या दोन्ही धावपट्ट्या सुमारे दीड तास बंद ठेवण्यात आल्या. येणारी विमाने अन्यत्र वळवावी लागली, निघणारी जागच्या जागी थांबली, आणि पुढचे कितीतरी तास वेळापत्रक रुळावर आले नाही. रिकाम्या विमानाच्या छतात धुमसणाऱ्या आगीसाठी जगातील सर्वाधिक गजबजलेल्या विमानतळांपैकी एक पूर्णपणे थांबवावा, हे त्या दिवशी रखडलेल्या अनेक प्रवाशांना अनाकलनीय वाटले असेल. मला मात्र तो निर्णय अगदी योग्य वाटतो, आणि तो का योग्य होता हे प्रत्येक विमान प्रवाशाला ठाऊक असले पाहिजे असेही मनापासून वाटते.

विमानतळाने तेव्हा दिलेले कारण थोडक्यात असे होते की, अग्निशमन पथके एखाद्या घटनेत गुंतलेली असताना उड्डाणे आणि आगमने थांबवणे ही प्रस्थापित कार्यपद्धती आहे. या एका वाक्यात सगळे मर्म आहे. रात्रीच्या उड्डाणासाठी धावपट्टीवर जसे दिवे लागतात, तशीच दिवसरात्र सज्ज अग्निशमन सेवाही लागते. ती उपलब्ध नसेल तर धावपट्टी मोकळी असली, हवामान स्वच्छ असले आणि वैमानिक तयार असले तरी प्रवासी विमानांची नियमित ये-जा चालू ठेवता येत नाही. ज्या विमानाला आग लागली आहे त्याच्यासाठी विमानतळ थांबत नाही. त्याच्या मागून येणाऱ्या विमानाला काही झाले तर धावून जायला कोणी उरलेले नसते, म्हणून तो थांबतो.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने विमानतळांच्या अग्निशमन क्षमतेच्या १ ते १० अशा श्रेणी ठरवल्या आहेत. कोणत्या विमानाला कोणती श्रेणी लागते हे त्या विमानाची लांबी आणि धडाची रुंदी यांवरून ठरते. एअरबस ए३२० सारख्या विमानाला सहावी श्रेणी पुरते, बोइंग ७७७-३०० ला नववी लागते. गंमत अशी की एअरबस ए३८० हे ७७७-३०० पेक्षा लांबीने किंचित आखूडच आहे, पण त्याचे धड सात मीटरपेक्षा रुंद असल्यामुळे त्याला दहावी श्रेणी लागते. श्रेणी वाढते तसे बंबांची संख्या, पाण्याचा साठा आणि फेस फवारण्याचा वेग हे सगळे वाढते. आठव्या श्रेणीपासून पुढे किमान तीन बंब हवेत, आणि सूचना मिळाल्यापासून पहिल्या बंबाने तीन मिनिटांच्या आत, शक्यतो दोनच मिनिटांत, वापरातील धावपट्टीच्या कोणत्याही टोकाला पोहोचून फवारणी सुरू करावी असा दंडक आहे.

या आकड्यांतील एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. नवव्या श्रेणीच्या विमानतळाने नेहमीच्या वापरातील मध्यम क्षमतेच्या फेसासाठी बंबांत सुमारे २४,३०० लिटर पाणी ठेवणे अपेक्षित असते आणि ते मिनिटाला ९,००० लिटर या वेगाने फवारता आले पाहिजे. साधा भागाकार केला तर पूर्ण जोराने फवारणी केल्यास हा सगळा साठा तीन मिनिटांच्या आतच संपतो. म्हणजे पहिल्या आगीवर पहिला हल्ला चढवल्यानंतर विमानतळाकडे दुसऱ्या आगीसाठी हाताशी फारसे काही उरत नाही. बंब पुन्हा भरावे लागतात, फेसाचा अर्क नव्याने घ्यावा लागतो, जवानांच्या पाठीवरच्या श्वसनयंत्रांच्या टाक्या बदलाव्या लागतात. शिवाय आग विझलेली दिसली तरी सांडलेले इंधन आणि तापलेला धातू जवळजवळ असेपर्यंत ती पुन्हा भडकू शकते, म्हणून किमान एखादा बंब आणि काही माणसे तिथेच पहाऱ्यावर ठेवावी लागतात. ही जुळवाजुळव होईपर्यंत विमानतळाची श्रेणी तात्पुरती उतरवली जाते आणि तशी सूचना वैमानिकांना दिली जाते. त्यामुळे पुष्कळदा असे होते की लहान विमाने आधी सुटू लागतात आणि मोठ्या विमानातले प्रवासी खिडकीतून ते पाहत राहतात. यात कोणाचीही वशिलेबाजी नसते. उपलब्ध बंबांच्या संख्येत लहान विमान बसते, मोठे बसत नाही, एवढेच त्याचे कारण असते. इंधन संपत आलेल्या किंवा संकटात सापडलेल्या विमानाला मात्र कोणत्याही परिस्थितीत उतरू दिले जाते.

हे सारे मी एकदा फार जवळून पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या विमानतळावर आमचे विमान उड्डाणाच्या रांगेत उभे असताना आमच्या आधी उतरलेल्या एका विमानाच्या चाकांतून धूर आणि मग ज्वाळा निघाल्या. आमच्या रांगेपासून ते इतके दूर होते की, बहुतेकांना काही दिसलेच नाही, त्यामुळे अर्ध्या तासानंतर लोकांची चुळबुळ सुरू झाली. मग वैमानिकाने स्वच्छ शब्दांत सांगितले की, त्या विमानातले सर्वजण सुखरूप बाहेर आले आहेत, आग विझली आहे, पण अग्निशमन दल पुन्हा सज्ज झाल्याची सूचना मिळेपर्यंत आपल्याला निघता येणार नाही. माझ्या खिडकीतून एक बंब परत येताना दिसला. त्याच्या पुढच्या काचेवर फेसाचे ओघळ होते. तो एका जलवाहिनीशेजारी उभा राहिला, दोघा जवानांनी जाड नळी ओढत आणून त्याला जोडली, तिसरा खाली बसून पाठीवरची टाकी सोडवत होता, आणि त्याच्या जाड कोटाच्या बाहीतून पाणी निथळत होते. त्यांच्या हालचालींत घाई होती, पण गडबड नव्हती. वैमानिकाच्या त्या चार वाक्यांनंतर आमच्या विमानात कोणीही तक्रार केली नाही, हे मी मुद्दाम नोंदवते, कारण त्याविषयी मला पुढे बोलायचे आहे.

तीन मिनिटांचा हा आग्रह आला कुठून, हे समजण्यासाठी जुन्या अपघातांकडे वळावे लागते. विमानाच्या इंधनाच्या आगीसमोर धडाचा पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा जेमतेम मिनिटभर टिकतो. २२ ऑगस्ट १९८५ रोजी मँचेस्टर विमानतळावर ब्रिटिश एअरटूर्सचे बोइंग ७३७ विमान उड्डाणासाठी धावत असताना डाव्या इंजिनातील ज्वलनकक्षाचा डबा फुटला आणि त्याच्या तुकड्याने पंखातील इंधन टाकीच्या झाकणाला भोक पाडले. वैमानिकांना मोठा आवाज आला, परंतु त्यांना वाटले की टायर फुटला असावा. त्यांनी उड्डाण रद्द केले, चाकांवर ताण येऊ नये म्हणून ब्रेक बेताने लावले आणि धावपट्टी मोकळी करण्याच्या सवयीने विमान उजवीकडच्या टॅक्सीवेवर, म्हणजे धावपट्टीला जोडणाऱ्या रस्त्यावर, वळवले. त्या वळणामुळे वाऱ्याने डाव्या बाजूच्या ज्वाळा थेट धडावर लोटल्या. विमान पूर्ण थांबलेले होते, ते जमिनीवर होते, त्याला दरवाजे होते, बंब जवळ होते, आणि तरीही १३७ पैकी ५५ जणांचा जीव गेला. त्यांतील बहुतेक जण भाजून गेले नाहीत, धुराने गेले. पुढचा उजवा दरवाजा पहिल्या प्रयत्नात अडकला, पंखावरची आपत्कालीन खिडकी उघडताना तिचा जड पत्रा आत एका प्रवाशाच्या अंगावर पडला, आणि दोन आसनांमधल्या चिंचोळ्या जागेत माणसे एकमेकांत अडकली. आज पंखावरच्या दरवाजाजवळच्या रांगेत पाय ठेवायला जास्त जागा असते, तिला आपण आरामाची जागा समजतो. ती जागा मँचेस्टरमधून आलेली आहे.

त्याच्या पाच वर्षे आधी, १९ ऑगस्ट १९८० रोजी, रियाधहून निघालेल्या सौदिया विमानाच्या मागच्या सामानकक्षात आग लागल्यामुळे ते लगेच परत फिरले आणि व्यवस्थित उतरले. उतरल्यानंतर ते तत्काळ थांबवून रिकामे करण्याऐवजी धावपट्टीच्या टोकापर्यंत नेऊन टॅक्सीवेवर वळवण्यात आले. ते थांबल्यावरही इंजिने तीन मिनिटांहून अधिक काळ चालूच राहिली, त्यामुळे बाहेरच्या बचाव पथकाला जवळ जाता येईना. इंजिने बंद झाल्यावर पहिला दरवाजा उघडायला सुमारे तेवीस मिनिटे लागली. तोपर्यंत आतील सर्वच्या सर्व ३०१ जणांचा मृत्यू झाला होता. सुखरूप उतरलेल्या विमानात एकही माणूस वाचला नाही, ही गोष्ट वाचताना आजही माझ्या अंगावर काटा येतो. १९८३ मध्ये सिनसिनाटी येथे एअर कॅनडाच्या विमानात शौचालयाजवळ लागलेल्या आगीने उतरल्यानंतर दरवाजे उघडताच ताजी हवा मिळून मिनिट-दीड मिनिटात सगळे केबिन पेटवले. ४६ पैकी २३ जण दगावले. शौचालयातील धूरसूचक यंत्रे, जमिनीलगत उजळणाऱ्या दिव्यांची रांग आणि सहज न पेटणारी आसने सक्तीची होण्यामागे या अपघाताचा मोठा वाटा आहे.

म्हणूनच विमानाला मान्यता मिळण्याआधी कंपनीला सिद्ध करून दाखवावे लागते की, निम्मेच दरवाजे वापरून भरलेले विमान ९० सेकंदांत रिकामे होते. २००६ मध्ये हॅम्बर्ग येथे ए३८० च्या चाचणीत ८७३ माणसे ७८ सेकंदांत बाहेर आली. चाचणीत मात्र धूर नसतो, भीती नसते आणि कोणी वरच्या कप्प्यातून बॅग काढायला थांबत नाही. प्रत्यक्षात लोक थांबतात. २०१५ मध्ये लास व्हेगासमध्ये ब्रिटिश एअरवेजच्या ७७७ चे डावे इंजिन उड्डाणाच्या धावेत फुटून पेटले, तेव्हा बाहेर आलेल्या काही प्रवाशांच्या हातात चाकांच्या बॅगा होत्या. त्यातील सर्व १७० जण वाचले, हे वैमानिक आणि केबिन कर्मचाऱ्यांचे श्रेय आहे. पण बॅगेसाठी घेतलेले पाच-दहा सेकंद हे आपले नसतात. ते आपल्या मागे उभ्या असलेल्या माणसाचे असतात, आणि मँचेस्टरची हकिकत वाचल्यानंतर याबाबत कोणतीही सबब मला मान्य होत नाही.

याच्या अगदी उलट उदाहरण २ जानेवारी २०२४ चे. टोकियोच्या हानेडा विमानतळावर उतरणारे जपान एअरलाइन्सचे ए३५० विमान धावपट्टीवर थांबलेल्या तटरक्षक दलाच्या विमानावर आदळले आणि पेटले. लहान विमानातील सहापैकी पाच जणांचा दुर्दैवी मृत्यू झाला. मोठ्या विमानात ३७९ जण होते. आतली उद्घोषणा यंत्रणा बंद पडली, आठपैकी केवळ तीनच दरवाजे वापरण्याजोगे उरले, तरी कर्मचाऱ्यांनी हातातल्या भोंग्यांवरून आणि नुसत्या ओरडण्यातून सूचना देत सगळ्यांना बाहेर काढले. मागच्या दरवाजाजवळच्या कर्मचाऱ्यांना वैमानिकाशी संपर्क साधता आला नाही, तेव्हा त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर तो उघडण्याचा निर्णय घेतला. उतरल्यापासून सुमारे अठरा मिनिटांत शेवटचा माणूस म्हणून वैमानिक बाहेर पडला. त्यानंतर ते विमान मध्यरात्र उलटून जाईपर्यंत जळत राहिले. प्रवाशांनी सामान जागेवरच सोडले होते.

हानेडाला चार धावपट्ट्या आहेत. अपघातानंतर चारही बंद झाल्या, रात्री साडेनऊच्या सुमारास तीन उघडल्या, आणि चौथी ८ जानेवारीला सुरू झाली. जपानमध्ये नववर्षाच्या सुट्टीवरून परतणाऱ्यांची तेव्हा गर्दी होती आणि शेकडो उड्डाणे रद्द झाली. सहा दिवस का लागावेत? जळालेले विमान हे त्या क्षणापासून पुरावा असते. आंतरराष्ट्रीय करारानुसार ज्या देशात अपघात झाला त्या देशाने तो पुरावा जपायचा असतो, त्यामुळे तपास अधिकाऱ्यांनी छायाचित्रे, मोजमापे आणि नोंदी पूर्ण करून परवानगी दिल्याशिवाय कोणालाही त्याला हात लावता येत नाही. मग उरलेले इंधन काढायचे, अवशेष कापायचे, क्रेनने उचलायचे, पृष्ठभाग खरवडून धुवायचा, जळालेले दिवे बदलायचे, आणि शेवटी माणसांनी चालत जाऊन बारीकसारीक तुकडे वेचायचे. २०१६ मध्ये शिकागोच्या ओ'हेअर विमानतळावर अमेरिकन एअरलाइन्सच्या ७६७ विमानाच्या इंजिनातील चकती उड्डाणाच्या धावेत तुटली, तेव्हा तिचा एक मोठा तुकडा जवळजवळ ९०० मीटर दूर एका गोदामाचे छप्पर फोडून आत पडला. असे तुकडे कुठे कुठे उडाले असतील याचा शोध पुरा झाल्याशिवाय शेजारची धावपट्टी मोकळी आहे असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. शिवाय विझवण्याच्या फेसात बरीच वर्षे वापरली गेलेली फ्लोरिनयुक्त रसायने जमिनीत आणि पाण्यात दीर्घकाळ टिकून राहतात, म्हणून तो नुसता गवतात वाहून देणेही आता योग्य मानले जात नाही.

शिकागोच्या घटनेत आणखी एक गोष्ट घडली. उजव्या बाजूला आग होती, म्हणून लोक डावीकडून उतरू लागले, पण डावे इंजिन अजून चालू होते आणि पंखावरून उतरलेली एक व्यक्ती त्याच्या झोताने फेकली जाऊन गंभीर जखमी झाली. १७० जणांपैकी कोणाचाही जीव गेला नाही. पण घसरगुंडीवरून उतरलेले इतके घाबरलेले लोक गवतावर आणि टॅक्सीवेवर पांगलेले असतात, त्यांना सगळ्यांना गोळा करायचे, मोजायचे, जखमींना बाजूला काढायचे आणि बस आणून टर्मिनलपर्यंत न्यायचे असते. तोपर्यंत त्या परिसरात दुसरे विमान इंजिन चालू ठेवून फिरवणे म्हणजे नव्या अपघाताला आमंत्रण देणे होय. विलंबाचे हे कारण फार थोड्या लोकांच्या ध्यानात येते.

प्रत्येक वेळी इतके भीषण काही घडलेले नसते. बहुतेक घटना चाकांच्या असतात. जोराने धावणारे जड विमान एकदम थांबवले की त्याची सगळी गतिज ऊर्जा ब्रेकच्या चकत्यांत उष्णता होऊन साठते, आणि ती उष्णता चाकापर्यंत पोहोचायला वेळ लागत असल्याने विमान थांबल्यावर काही मिनिटांनी चाके सर्वाधिक तापतात. चाकांत वितळणाऱ्या धातूच्या लहान गुडद्या, म्हणजे बुचे, बसवलेल्या असतात. ठराविक तापमानाला त्या वितळतात आणि टायर फुटण्याऐवजी त्यातला वायू सावकाश निघून जातो. टायरमध्ये साध्या हवेऐवजी नायट्रोजन भरतात, कारण तापलेल्या टायरमधली हवा स्फोटाला कारण होऊ शकते. ३१ मार्च १९८६ रोजी मेक्सिकाना कंपनीच्या बोइंग ७२७ चा उड्डाणाच्या वेळी तापलेला, हवा भरलेला टायर आकाशात फुटला आणि १६७ जणांचा बळी गेला. गुडद्या वितळल्या की कोणाला इजा होत नाही, पण विमान बसक्या टायरांवर धावपट्टीत अडकते. मग चाके निवेपर्यंत थांबणे, विमान जॅकवर उचलणे, चाके बदलणे आणि ओढून नेणे हे सगळे जागेवरच करावे लागते. अग्निशमन जवानही तापलेल्या चाकाकडे बाजूने कधीच जात नाहीत. चाक फुटलेच तर त्याचे तुकडे बाजूलाच उडतात, म्हणून ते पुढून किंवा मागून जातात.

कधी कारण इतके क्षुल्लक असते की विश्वास बसत नाही. २० ऑगस्ट २००७ रोजी ओकिनावातील नाहा विमानतळावर चायना एअरलाइन्सचे बोइंग ७३७ उतरून आपल्या जागी येऊन उभे राहिले आणि पेटले. पंखाच्या पुढच्या कडेच्या यंत्रणेतील एक वॉशर दुरुस्तीनंतर बसवलाच गेला नव्हता. त्यामुळे सुटलेला बोल्ट उतरल्यानंतर ती कड आत घेतली जाताना इंधन टाकीत घुसला. सर्व १६५ जण वेळेत बाहेर पडले. हीथ्रोच्या त्या रिकाम्या ७८७ मध्येही आगीचे मूळ आपत्कालीन संदेशयंत्राच्या लिथियम बॅटरीत होते. झाकणाखाली चेपलेल्या तारांमुळे तिच्यात बिघाड झाल्याचे तपासात दिसून आले. अलीकडे तर प्रवाशांच्या पॉवर बँकांची भर पडली आहे. २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियातील गिम्हे विमानतळावर एअर बुसानच्या विमानात वरच्या सामानकप्प्यात आग लागली आणि विमानाचे छप्पर जळून गेले. आतले १७६ जण बाहेर आले. पॉवर बँकेतील बिघाड हे तपासकांनी संभाव्य कारण सांगितले आहे. ते उड्डाण काही मिनिटे उशिराने निघणार होते, म्हणून आग लागली तेव्हा विमान जमिनीवर होते. ठरल्या वेळी सुटले असते तर तीच आग आकाशात लागली असती.

एका विमानतळावरचे दोन तास दिवसभराचे दोनशे खोळंबे कसे होतात, याचेही उत्तर फार अवघड नाही. आकाशातील विमानांकडे पर्यायी विमानतळापर्यंत जाण्याचे आणि त्यावर साधारण अर्ध्या तासाचे राखीव इंधन असते, त्यामुळे ती फार वेळ घिरट्या घालू शकत नाहीत आणि जवळच्या विमानतळांवर उतरतात. तिथे त्यांच्यासाठी जागा, शिड्या, इंधन भरणारी माणसे अपुरी असतात. इकडे निघू न शकलेली विमाने गेट अडवून बसतात, म्हणून धावपट्टी उघडल्यावर उतरलेल्या विमानांना उभे राहायला जागा नसते. वैमानिक आणि कर्मचारी यांच्या कामाच्या तासांना कायद्याची मर्यादा असते, आणि ती असलीच पाहिजे; टॅक्सीवेवर बसून गेलेला वेळही त्यात धरला जातो. सकाळी अडकलेले विमान संध्याकाळी तिसऱ्याच शहरातून निघणार असते. २४ मे २०१३ रोजी हीथ्रोलाच ब्रिटिश एअरवेजचे एक ए३१९ विमान रात्रीच्या देखभालीनंतर इंजिनांची आवरणे नीट न लावल्यामुळे ती उडून जाऊन, एका इंजिनाला आग लागलेल्या अवस्थेत परत आले. विमानातील ८० जण सुखरूप उतरले, पण सुट्टीच्या तोंडावरचा तो शुक्रवार असंख्य प्रवाशांनी विमानतळाच्या फरशीवर काढला.

माझा राग विलंबावर कधीच नसतो. तो असतो मौनावर. ज्या दिवशी आमच्या वैमानिकाने सगळे स्पष्ट सांगितले, त्याच दिवशी पुढच्या उड्डाणासाठी टर्मिनलमध्ये थांबलेल्या लोकांना फलकावर केवळ ‘परिचालन कारणास्तव विलंब’ एवढेच दिसत होते. काउंटरवरच्या मुलीलाही त्यापलीकडे काही सांगितलेले नव्हते, आणि लोकांचा सगळा संताप तिच्यावर निघत होता. तिचा काहीही दोष नव्हता. अग्निशमन दल परत सज्ज होत आहे, श्रेणी अजून खालची आहे, लहान विमाने आधी जातील, मोठ्यांना एवढा वेळ लागेल, ही माहिती नियंत्रण कक्षात असते, विमान कंपन्यांकडेही असते. ती चार ओळींत प्रवाशांपर्यंत पोहोचवणे अजिबात अवघड नाही. युरोपीय संघाच्या २००४ च्या नियमानुसार अशा असाधारण परिस्थितीत नुकसानभरपाई मिळत नसली तरी जेवण, पाणी, गरज पडल्यास रात्रीचा निवारा आणि प्रवाशाला त्याच्या हक्कांची माहिती देण्याची जबाबदारी कंपनीवर कायम राहते. त्या नियमात दर तासाला विलंबाचे खरे कारण सांगण्याची सक्तीही जोडली जावी, आणि ते कारण ठरीव साच्यातले नसावे, अशी माझी मागणी आहे. ज्याला कळते की बंब भरला जात आहे, तो माणूस थांबतो. ज्याला काहीच कळत नाही तो काउंटरवर जाऊन ओरडतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे, पुढच्या वेळी खरी सूचना ऐकू आली तरी तिच्यावर विश्वास ठेवत नाही. आणि विमान रिकामे करण्याची वेळ आलीच, तर कर्मचाऱ्यांच्या हाती त्या विश्वासाखेरीज फारसे काही नसते.